वाचकांचे प्रश्न : अंगणातला सेन्सरचा दिवा कुणाच्या चालीवर लावायचा?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात आहे. मुलगा पुण्याला नोकरीला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने सेन्सरचा, म्हणजे माणूस हलला की आपोआप लागणारा, एक दिवा अंगणात आणि एक बैलांच्या कोठ्याच्या दारावर लावून दिला. दोन्ही मोबाइलमधून ब्लूटूथवर सेट होतात. तो होता तोवर चांगलं चाललं. आता सासूबाई रात्री मागच्या संडासाकडे निघाल्या की त्या अर्ध्या वाटेत असतानाच अंगणातला दिवा विझतो. कोठ्यावरचा मात्र रात्रभर लागूनच असतो. ऊन तापायला लागल्यापासून तर अंगणातला दिवा कधी लागतो, कधी लागतच नाही. मी माझ्या मोबाइलमध्ये तेच अ‍ॅप घेतलं, पण त्यात एकही दिवा दिसत नाही. मुलगा म्हणतो, पुढच्या दिवाळीत येऊन पाहतो. तोवर काय करू?

उत्तर : ताई, दिवाळीची वाट पाहू नका. मधे अख्खा पावसाळा आहे, आणि साप-विंचू घराजवळ येण्याचे दिवस तेच. हे काम तुम्हाला जमेल, आणि ते तुम्हीच करावं असं माझं ठाम मत आहे. सासूबाई किती हळू चालतात, कुठे भिंतीला हात लावून थांबतात, हे तुम्ही रोज पाहता. दिव्याचं सेटिंग त्यावरूनच ठरतं.

आधी अ‍ॅपचं पाहू. हे दिवे ज्या मोबाइलवर पहिल्यांदा जोडले जातात, त्या मोबाइलने दिलेली किल्ली, म्हणजे एक गुप्त कोड, ते धरून ठेवतात. ती किल्ली मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून तुमच्या अ‍ॅपला दिवे दिसत नाहीत. बिघाड काही नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘शेअर’ असा पर्याय असतो. त्यातून एक क्यूआर कोड तयार होतो किंवा दुसऱ्या खात्याला परवानगी देता येते. मुलाला फोन करून सांगा, की मला हे पाठव, आणि फक्त वापरायची नाही, सेटिंग बदलायचीही परवानगी दे. पुण्यात बसून तो व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवू शकतो. हे करून घेण्याला आणखी एक कारण आहे. त्याचा मोबाइल उद्या हरवला किंवा बदलला आणि जुनं खातं गेलं, तर दिव्यांची किल्लीही जाते.

त्याच्या अ‍ॅपमध्ये असा पर्याय नसेल तरच दिवा रिसेट करा. पुष्कळ दिव्यांत बटण ठरावीक वेळा चालू-बंद केलं की रिसेट होतो. किती वेळा, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. रिसेट केल्यावर जुनी सेटिंग पुसली जातात, तेव्हा मुलाला त्याच्या अ‍ॅपमधले आकडे आधी विचारून वहीत लिहून ठेवा.

कोड आल्यावर मोबाइलचं ब्लूटूथ सुरू करा आणि अ‍ॅप परवानगी मागेल ती द्या. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणे’ अशी परवानगी मागतात. त्याआधीच्या मोबाइलला लोकेशन सुरू ठेवावं लागतं, नाहीतर ब्लूटूथचा दिवा सापडतच नाही. दिव्याशी बोलायला इंटरनेट लागत नाही, पण काही अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना खातं मागतात, तेवढ्यापुरती रेंज हवी. सेटिंग करताना दिव्याखाली जाऊन उभ्या राहा. घरात बसून कोठ्यावरचा दिवा सापडला नाही तर नवल नाही, मधे टिनाची भिंत आली की ब्लूटूथ अडतं.

तरीही दिवा दिसला नाही तर भिंतीवरचं बटण पाहा. घरातल्या मोठ्या माणसांना झोपताना बटण बंद करायची सवय असते. बटण बंद झालं की दिव्याला वीज नाही, सेन्सर नाही, ब्लूटूथही नाही. त्या बटणावर पट्टी चिकटवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता अंगणातला दिवा. अ‍ॅपमध्ये ‘होल्ड टाइम’ म्हणून एक आकडा असतो. शेवटची हालचाल दिसल्यानंतर दिवा किती वेळ लागलेला राहील, ते त्यावर ठरतं. तुमच्याकडे तो बहुधा ३० सेकंदांवर आहे. चाचणीला तेवढा ठीक, पण वयस्क माणसाला तो फार कमी. सासूबाईंना एकदा अंधार पडल्यावर दारापासून संडासापर्यंत आणि परत, त्यांच्या नेहमीच्या चालीने जाऊ द्या. तुम्ही सोबत राहा, त्यांना घाई करू नका. जो वेळ लागेल त्याच्या दुप्पट होल्ड टाइम ठेवा. पाच मिनिटं झाला तरी हरकत नाही. ‘स्टँडबाय’ किंवा ‘डिम’ असा पर्याय असेल तर १० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे वेळ संपल्यावरही दिवा पूर्ण विझणार नाही, मंद राहील. मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसाच्या घरात हे एक सेटिंग बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचं आहे. उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर त्यांच्या डोळ्यांना सावरायला वेळ लागतो, आणि पडायची भीती असते ती त्याच वेळी.

उन्हाळ्याचं कारण वेगळं आहे. असल्या दिव्यांत बहुधा पीआयआर सेन्सर असतो. आपल्या अंगाच्या उष्णतेचे न दिसणारे किरण तो टिपतो, आणि अंग व आजूबाजूची भिंत-जमीन यांच्या तापमानातल्या फरकावर त्याचं सगळं काम चालतं. माणसाची कातडी साधारण ३३-३४ अंशांची. डिसेंबरात आपल्याकडे रात्री १०-१२ अंश असतात, तेव्हा माणूस त्याला लख्ख दिसतो. मे महिन्यात दिवसभर ४५ अंशांत तापलेली भिंत रात्री नऊलाही अंगाइतकीच गरम असते. मग तुम्ही आणि भिंत त्याला सारखेच. म्हणून विदर्भात हे सेटिंग वर्षातून दोनदा बदलावं लागतं : उन्हाळ्यात ‘सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे सेन्सर किती बारीक फरक टिपतो तो आकडा, वाढवा, थंडी पडली की कमी करा. जुन्या दिव्यांना त्यासाठी शिडीवर चढून खालचा स्क्रू फिरवावा लागायचा. मोबाइलवर चालणाऱ्या दिव्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

जागाही तपासा. सेन्सरच्या समोरून आडवं गेलं तर तो चटकन ओळखतो, सरळ त्याच्याकडे चालत आलं तर उशिरा. दिवा संडासाच्या दारावर असेल तर सासूबाई नेमक्या सरळ त्याच्याकडे चालतात. वाटेच्या बाजूच्या भिंतीवर, अडीच मीटरच्या आसपास उंचीवर तो सरकवून घ्या. हे काम वायरमनकडून करून घ्या, मेन बंद करून.

कोठ्यावरचा दिवा लागून राहतो तो बैलांमुळे. बैल उठतो, शेपटी हलवतो, रवंथ करताना मान फिरवतो, आणि सेन्सरला ते सगळं दिसतं. होल्ड टाइम कितीही कमी केला तरी दर हालचालीला तो नव्याने सुरू होणार. तेव्हा सेन्सिटिव्हिटी कमी करा, आणि सेन्सरच्या पांढऱ्या भिंगाचा बैलांकडचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाका. दाराकडचा भाग उघडा ठेवा. ढोरांनाही रात्री अंधार हवा असतो.

दिवा कधीपासून काम करेल हे घड्याळावर ठेवू नका. लोडशेडिंगनंतर अनेक दिव्यांचं घड्याळ चुकतं, मोबाइल पुन्हा जोडेपर्यंत चुकीचंच राहतं. त्यापेक्षा ‘लक्स’ म्हणजे उजेडाचा आकडा वापरा; बाहेरचा उजेड त्याखाली गेला की दिवा कामाला लागतो. १० ते २० लक्स ठेवून पाहा. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड अर्धा लक्सही नसतो, तेव्हा चांदण्याने सेन्सर फसायचा नाही. दिवा लागून लगेच विझत असेल आणि पुन्हा लागत असेल, तर समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून त्याचाच उजेड सेन्सरवर पडतोय असं समजा आणि दिव्याचं तोंड थोडं वळवा. वीज परत आल्यावर मिनिटभर त्याच्याकडे लक्ष देऊ नका, सेन्सरला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा. हा सेन्सर सापाला ओळखत नाही. सापाचं अंग जमिनीइतकंच गरम किंवा थंड असतं, त्यामुळे मण्यार दिव्याखालून गेली तरी दिवा लागणार नाही. दिवा लागला नाही म्हणजे अंगणात काही नाही, असा अर्थ कुणी काढू नये. सासूबाईंच्या हातात बॅटरी हवीच, पायात चप्पल हवीच. आणि कुणाला चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखान्यात न्या, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

प्रश्न : अशा दिव्याने बिल किती वाचतं? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : फार नाही. १२ वॅटचा दिवा रोज बारा तास लागला तर महिन्याला साधारण ४.३ युनिट जातात. सेन्सरवर रोज एक तास लागला तर ०.३६ युनिट, आणि सेन्सर व ब्लूटूथ सतत जागे राहतात त्याचे जवळपास तेवढेच आणखी. म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटांची बचत. तेवढ्यासाठी घेऊ नका. अंधारात बटण चाचपडावं लागत नाही, त्यासाठी घ्या.

प्रश्न : रानडुकरं चना उकरून टाकतात. वावरात धुऱ्यावर सेन्सरचे दिवे लावले तर पळतील का? (एक शेतकरी, ता. वरोरा)

उत्तर : भाऊ, सुरुवातीला बिचकतील, मग सरावतील. शिवाय असा सेन्सर आठ-दहा मीटरपलीकडचं धड पाहत नाही, म्हणजे एका एकराच्या चारी बाजूंना किती दिवे लागतील ते तुम्हीच मोजा. रात्री मोटर सुरू करायला जाता त्या पेटीपाशी मात्र एक जरूर लावा, सौर बॅटरीवरचा. तिथे हात कुठे घालतो ते दिसलं पाहिजे, आणि तुमच्या भागात वाघही फिरतो. डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडायचा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाका. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला शेजारच्या वावरातला माणूसही चिकटतो. पिकाचं नुकसान झालं असेल तर वन विभागाकडे लगेच अर्ज करा, पंचनामा होईपर्यंत उकरलेली जागा तशीच राहू द्या आणि तिचे फोटो काढून ठेवा.