दूरदेशीची शिकवणी आणि तबल्याची साथ

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवते. न्यू जर्सीतल्या माझ्या शिष्येची शिकवणी व्हिडिओ कॉलवर ठीक चालते. मात्र इथून तबल्याची साथ दिली की लय ओढली जाते आणि तानपुरा मधूनच नाहीसा होतो. अधिक वेगाचे इंटरनेट घ्यावे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : त्यावर पैसे खर्च करू नयेत. जाहिरातीतला वेग म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाते ते. आपली अडचण ती पोहोचायला किती वेळ लागतो, ही आहे. इंटरनेटच्या केबलमधल्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो आणि न्यू जर्सी 12 हजार किलोमीटरांहून दूर आहे. म्हणजे सगळे सुरळीत असले तरी एका दिशेने 60 मिलिसेकंद मोडणारच, आणि वळसे घेणाऱ्या समुद्री केबल, राउटर व संगणकातले बफर (आवाज क्षणभर साठवून ठेवणारी जागा) धरता जाऊन-येऊन 200 च्या पुढे जातात. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा 250 मिलिसेकंदांची असते, तेव्हा शिष्येने समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) टाकलेला सूर ऐकून तबलजीने दिलेली सम तिच्यापर्यंत जवळजवळ एक मात्रा उशिरा पोहोचते. दोघेही एकमेकांसाठी थांबू लागतात, म्हणून लय ओढली जाते. वादकांना साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो.

जवळच्या शहरातल्या शिष्यांसाठी जॅमुलस किंवा स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मलेले जॅकट्रिप ही इंटरनेटवरून एकत्र गाण्या-वाजवण्याची सॉफ्टवेअर वापरून पाहावीत. दोन्हीकडे वायफायऐवजी लॅन केबल आणि तारेचे हेडफोन हवेत, कारण ब्लूटूथच बराच उशीर करते.

न्यू जर्सीसाठी 2005 मध्ये आलेल्या निंजॅम या अशाच सॉफ्टवेअरची युक्ती आपल्या तालपद्धतीला जवळची आहे. उशीर कमी करण्याऐवजी तो मुद्दाम वाढवून एका पूर्ण आवर्तनाएवढा, म्हणजे तालाच्या एका फेरीएवढा, केला जातो. 16 मात्रांचा तीनताल ठरवला, तर प्रत्येकाला दुसऱ्याचे मागचे आवर्तन ऐकू येते आणि सम समेवरच पडते. ठेका दर आवर्तनात तोच असल्याने बंदिशीचा रियाज निभतो. पण तिहाईला (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे) तबलजीची दाद एक आवर्तन उलटल्यावर येणार, तेव्हा उपज (ऐनवेळी सुचलेला विस्तार) आणि लडंत (गायक-तबलजीची चढाओढ) यांचा नाद सोडलेला बरा.

तानपुऱ्याचे कारण निराळे. व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी बनवलेले असल्याने अखंड चालणारा नाद त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि तो गाळला जातो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करावे. त्याहून सोपे म्हणजे तानपुरा शिष्येने तिच्याच खोलीत लावावा.