आहार-सल्ला केंद्रासाठी पोषण-नोंदीचे ॲप घ्यावे की अपॉइंटमेंटचे सॉफ्टवेअर?

आपण लिहिले आहे की तालुक्याच्या गावी आहार-सल्ला आणि योगवर्ग असे छोटे केंद्र सुरू करायचे आहे, हाताशी पैसा एकाच गोष्टीपुरता आहे आणि या दोन्हींपैकी अधिक उपयोगाचे काय, हे जाणून घ्यायचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका गावी मी आहारतज्ज्ञ म्हणून केंद्र चालवते आणि नेमका हाच वाद आमच्या घरात झालेला आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे.

मुळात या दोन्हींची तुलना होत नाही. पोषण-नोंदीचे ॲप माणसाच्या ताटात काय पडते ते विचारते, तर अपॉइंटमेंटचे सॉफ्टवेअर तो तुमच्या दारात किती वाजता उभा राहील ते विचारते. ज्या केंद्रापुढे गर्दी होऊन भांडणे होतात त्याला दुसऱ्याची गरज असते. ज्या केंद्रात लोक वेळेवर येतात पण महिनोन्‌महिने साखर उतरत नाही त्याला पहिल्याची. ज्याच्याकडे अजून लोकच येत नाहीत, त्याने दोन्हींवर पैसा घालू नये.

माझे धाकटे दीर नागपुरात संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांचे म्हणणे असे की केंद्राला शिस्त वेळेच्या आरक्षणानेच येते, म्हणून त्यांनी मला एक परदेशी सॉफ्टवेअर बसवून दिले. वीस-वीस मिनिटांचे भाग पाडायचे, लिंक पाठवायची, आदल्या दिवशी आपोआप आठवण जायची आणि पंधरा मिनिटांत कोणी आले नाही तर नाव रद्द व्हायचे. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. प्रत्यक्षात आमच्याकडच्या बाया एसटीने येतात आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून तर एसटीनेच येतात. शिवाय त्या आठवडी बाजाराच्या दिवशीच येतात, कारण एका फेरीत बाजार, दवाखाना आणि माहेरची गाठभेट उरकते. कापसाची वेचणी सुरू झाली की तेही बंद होते, कारण दिवसाची रोजी बुडवून आहाराचा सल्ला ऐकायला कोणी येत नाही, आणि येऊही नये.

अशाच एका बाजाराच्या दिवशी भाऊजी स्वतः लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसले होते. दहापासूनची नावे एकेक करून लाल होत गेली. बस उशिरा आली तेव्हा सगळ्या बाया एकदमच उतरल्या आणि ओसरीवर बसून त्यांनी आधी शिदोरी सोडली. पडद्यावर त्या सगळ्या गैरहजर होत्या आणि ओसरीवर जवसाच्या चटणीचा वास सुटला होता. तेवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण घरातला फोन मुलाच्या नावावर असल्याने बहुतेकींनी नंबर मुलाचा दिलेला होता, आणि 'तुमची भेट चुकली' असा इंग्रजी संदेश पुण्याकडे कंपनीत कामाला असलेल्या मुलांना गेला. एकाने घाबरून गावातल्या शेजाऱ्याला फोन केला, शेजाऱ्याने सरपंचाला, आणि तासाभरात आई कुठे हरवली म्हणून माझ्याकडे विचारणा झाली. आई समोर बसून भाकर खात होती. भाऊजींनी यावर काढलेला निष्कर्ष असा की लोकांना सवय लागायला वेळ लागतो. माझा निष्कर्ष असा की बसचे वेळापत्रक ज्याला ठाऊक नाही, त्याने माझ्या केंद्राचे वेळापत्रक करू नये.

त्याच दिवशी पोषण-नोंदीच्या ॲपचीही परीक्षा झाली आणि तेही फार उजळून निघाले असे मी म्हणणार नाही. ॲपमध्ये 'एक भाकरी' दीडशे कॅलरींच्या आसपास दाखवत होते. मी मधुमेह असलेल्या एका मावशींना आमच्या ओट्यावर नेले, परात दिली आणि घरी घेतात तसेच हाताच्या अंदाजाने एका भाकरीचे ज्वारीचे पीठ घ्यायला सांगितले. काट्यावर ते 110 ग्रॅम भरले. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे 330 कॅलरी असतात, म्हणजे त्यांची एक भाकरी साडेतीनशेच्या वर जाते, आणि दिवसाला तीन धरल्या तर ॲपचा हिशेब सहाशेहून अधिक कॅलरींनी चुकतो. त्यावर मावशी म्हणाल्या, "हे तं लहान भाकर हाय, बाई. वावरात जाणाऱ्यासाठी याच्याहून मोठी थापतो मी." मोजायचे असेल तर पीठ मोजावे, भाजलेली भाकरी मोजू नये, कारण तिच्यात पाणी असते आणि ते प्रत्येकीच्या हातागणिक बदलते.

तेलाचेही तसेच आहे. झुणक्यात किंवा रश्श्यात किती तेल पडले हे फोटोवरून कोणतेही ॲप ओळखू शकत नाही, आणि पाच जणांच्या एकाच कढईतून कोणाच्या वाट्याला किती आले हे वाढणारीलाही सांगता येत नाही. मी महिन्याच्या किराण्यावरून काढते. पाच माणसांत पाच लिटर तेल संपत असेल तर प्रत्येकी रोजचे तीस ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी, नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी 27 ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे, तेव्हा तूप न धरताही हे घर मर्यादा ओलांडते, हे दोन मिनिटांत कळते. याच संस्थेची 2017 ची भारतीय अन्नघटक कोष्टके आहेत, त्यांत 528 अन्नपदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे. ती जवळ ठेवून मी साध्या वहीत नोंद करते.

तरीही एक ॲप घ्यायचेच असेल, तर भारतीय जेवण वाटी-पोळीच्या मापात नोंदवण्यासाठी हेल्थीफाय (पूर्वीचे हेल्थीफायमी) सोयीचे आहे. मायफिटनेसपालमध्ये पदार्थांची संख्या प्रचंड आहे, पण बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असल्याने एकाच पदार्थाचे चार आकडे दिसतात, आणि 2022 पासून बारकोड वाचण्याची सोय त्यांनी पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली आहे. आपल्याकडे बारकोडचे खाणेच कमी, म्हणून त्याचे दुःख मानू नये. क्रोनोमीटरचे आकडे प्रयोगशाळेतल्या माहितीवर अधिक बेतलेले असतात आणि जीवनसत्त्वे-खनिजे पाहायची असतील तर ते उत्तम, मात्र आपले पदार्थ स्वतः घटक टाकून तयार करावे लागतात. कोणतेही घ्या, पहिल्या भेटीत त्या घरची भाकरी आणि त्या घरची वाटी मोजून ॲपमध्ये स्वतंत्र पदार्थ म्हणून भरा, नाहीतर नोंद करून काही हाती लागत नाही.

वेळेच्या आरक्षणासाठी मी व्हॉट्सॲप बिझनेस वापरते, जे फुकट आहे. त्यात लेबले लावता येतात, ठरलेली उत्तरे साठवता येतात, आणि संदेश मराठीत मीच लिहिते. बाजाराच्या दिवशी क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले देते. जी बस आधी येईल तिच्यातल्या बाया आधी. एसएमएसने आठवण पाठवायची कल्पना असेल तर भारतात त्यासाठी डीएलटी नोंदणी (व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) आणि मजकुराला आधी मंजुरी लागते, हे सॉफ्टवेअर विकणारा सहसा शेवटी सांगतो.

एवढे बोलून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की आपले केंद्र अमरावती-नागपुरात असेल, लोक स्वतःच्या गाडीने येत असतील, किंवा मालिशचे एकच टेबल आणि दोन कर्मचारी असतील, तर फ्रेशा किंवा झेनोटीसारखे सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडते, कारण तिथे रिकामे गेलेले अर्धे तास म्हणजे सरळ नुकसान असते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने ॲपच्या आकड्यावरून मात्रा बदलू नये, ते डॉक्टरांनीच ठरवावे. रुग्णांची माहिती कोणत्याही ॲपमध्ये भरण्याआधी त्यांची संमती घ्यावी. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा लहान केंद्र म्हणून आपल्याला सोडून देईल असे धरून चालू नये.

आणि काहीही घेतले तरी महिन्याच्या बोलीवर घ्या. भाऊजींनी आमचे वर्षभराचे पैसे एकदम भरले होते, ते केंद्राच्या खर्चात धरायला मी नकार दिला आहे.