विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणात मुख्याध्यापकांचा नेमका रोल काय?
लोकांना वाटतं स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक) नेमला की झालं, पण खरी चावी मुख्याध्यापकांकडेच असते कारण टाइमटेबल तेच ठरवतात. वर्गशिक्षक आणि स्पेशल एज्युकेटर यांना आठवड्यातून एखादा तास एकत्र बसायला मिळाला नाही तर त्या मुलासाठी बनवलेला शिकण्याचा वैयक्तिक आराखडा फाइलीतच पडून राहतो, मग कितीही ट्रेनिंग द्या. बाकी परीक्षेत जादा वेळ, व्हीलचेअर असेल तर वर्ग तळमजल्यावर आणणं, ही बरीचशी एका सहीची कामं (२००६ च्या युएनच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम २४ पण गरजेनुसार सोयी द्यायलाच सांगतं). आणि हो, स्टाफरूममध्ये कोणी 'हे मूल आपल्या शाळेचं नाही' म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवणं पण त्यांच्याकडेच आलं.