तालुका कोर्टात जमिनीचा दावा हरलो, थेट हायकोर्टात जाता येईल का?

नाही. तालुका कोर्टातले दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या हुकूमनाम्यावर (दाव्याच्या अंतिम आदेशावर) पहिलं अपील जिल्हा न्यायालयात, मुदत ३० दिवस. निकाल लागताच नक्कल विभागात सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्जच उशिरा केला तर आधी वाया गेलेले दिवस मोजले जातात. मग विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि आणखी तारखा.

नुसतं अपील दाखल केल्यानं अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबतच द्या. इथंच बरेच जण फसतात.

जिल्ह्यातही हरलात तर ९० दिवसांत हायकोर्टात दुसरं अपील, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली. तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. ‘साक्षीदार खोटं बोलला’ एवढ्यावर सहसा ते दाखलही करून घेत नाहीत, म्हणून पुराव्याची खरी लढाई जिल्हा न्यायालयातच लढा.