चुकलं तर परत कसं यायचं?

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे, आई ७६ वर्षांची. जुना टीव्ही बंद पडला म्हणून आम्ही भावंडांनी मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. जोडीला सेट-टॉप बॉक्स आणि आवाजासाठी साउंडबार. आता घरात तीन रिमोट आहेत आणि दोघंही टीव्ही लावायला बिचकतात. दर दोन दिवसांनी फोन येतो, ‘स्क्रीन निळी झालीय.’ बाबांचा हात थरथरतो, आईला कमी ऐकू येतं. हे सगळं बदलून काहीतरी सोपं घ्यावं का? घ्यायचं तर काय बघावं?

उत्तर : ताई, आधी त्या निळ्या स्क्रीनचं बघू. टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं एक बटण असतं, आणि कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण ते पुष्कळदा पॉवरच्या अगदी शेजारी असतं. बॉक्स जोडलेला एचडीएमआय १ ला, म्हणजे टीव्हीमागच्या तार लावायच्या पहिल्या खाचेला. बाबांचं बोट घसरलं की टीव्ही जातो एचडीएमआय २ वर, तिथे काहीच जोडलेलं नाही, आणि तो इमानदारीत सांगतो, ‘नो सिग्नल’. टीव्ही ठणठणीत असतो. मी अठ्ठावीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. कित्येक घरांत फक्त हे एक बटण दाबून आलोय आणि पैसे मागायची लाज वाटलीय.

तेव्हा लगेच काही परत करू नका. आधी तीन रिमोटांचा एक करून बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय शोधा. कंपन्यांनी तिची बारशी वेगवेगळी केलीत : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. साउंडबार टीव्हीवर ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत लावा आणि ही सोय चालू करा. टीव्ही लावला की साउंडबार आपसूक जागा होतो, आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होतो. एक रिमोट तिथेच कपाटात गेला.

उरले दोन. त्यासाठी ‘लर्निंग रिमोट’ मिळतो. सहा-आठ मोठी बटणं, बाकी काही नाही. जुना रिमोट त्याच्या तोंडाशी धरून एकेक बटण शिकवायचं : चालू-बंद, चॅनल वर-खाली, आवाज वर-खाली. ‘सोर्स’ शिकवायचंच नाही, म्हणजे चूक व्हायला जागाच उरत नाही. एक अडचण मात्र आहे. हा रिमोट इन्फ्रारेडची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची भाषा शिकतो. तुमच्या टीव्हीचा किंवा बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवर चालत असेल तर त्याच्याकडून हा काही शिकणार नाही. ओळखायचं कसं? रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आईचा आवडता चॅनल १३४ नंबरवर होता. ती तक्रार करायची, ‘रिमोट बिघडलाय, मला भलतीकडेच नेतो.’ मी दोनदा सेल बदलले. तिसऱ्यांदा रिमोट हातात न घेता नुसता तिच्याशेजारी बसलो. तिने १ दाबला. चष्मा वर केला, रिमोट डोळ्यांजवळ नेला, ३ शोधला. तेवढ्यात बॉक्सने धीर सोडून एक नंबरचा चॅनल लावलासुद्धा! मग तिचा ३ आणि ४ मिळून झाले चौतीस. ती प्रत्येक वेळी जास्त जोर लावून दाबत होती, आणि मी इतकी वर्षं लोकांचे रिमोट उघडून बसलेला माणूस, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. शेवटी तिचे नऊ चॅनल ‘फेव्हरिट’ यादीत टाकले आणि चॅनल वर-खाली एवढंच ठेवलं. आकडे सुटले.

यातून मी एक शिकलो. म्हातारी माणसं टीव्हीला भीत नाहीत. काहीतरी दाबलं जाईल आणि मग परत येता येणार नाही, याला भितात. म्हणून नवीन काही घ्यायची वेळ आलीच तर पडद्याचे इंच नंतर मोजा. बाबांना बरोबर न्या, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि मुद्दाम चार चुकीची बटणं दाबायला सांगा. आता तुम्ही गप्प राहायचं. चालू चॅनलवर परत यायला त्यांना किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. एका बटणात परत आले तर तो टीव्ही घ्या. विक्रेत्याने मध्येच रिमोट हातात घेऊन ‘हे बघा काका, सोपं आहे’ म्हटलं, तर ते सोपं नाही.

रिमोटची बटणं एकमेकांपासून सुटी हवीत, दाबल्यावर बोटाला कळायला हवीत. पाचच्या आकड्यावर उंचवट्याचा ठिपका असतो तो चाचपून बघा. १९५६ साली झेनिथ कंपनीने ‘स्पेस कमांड’ नावाचा रिमोट काढला होता. त्यात सेलच नव्हता. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची, आणि दाबणाऱ्याला ‘टिक्’ ऐकू यायचं. आजच्या गुळगुळीत रिमोटांत ते ‘टिक्’ गेलं. थरथरत्या बोटाला दाबलं की नाही हेच कळत नाही, मग ते दोनदा दाबतं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहून घ्या. चालू केल्यावर टीव्ही जाहिरातींनी भरलेल्या होम स्क्रीनऐवजी थेट बॉक्सवर उघडतो का? आणि काही तास बटण दाबलं नाही की आपोआप बंद होण्याची सोय चालू आहे का? असेल तर ती बंद करा, नाहीतर पुढचा फोन ‘टीव्ही अचानक गेला’ असा येईल.

आईंसाठी नुसता आवाज वाढवून भागणार नाही. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात. आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही वाढतं, शब्द तसेच गुळगुळीत राहतात. साउंडबारमध्ये ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असा पर्याय असतो, तो लावा. ब्लूटूथ हेडफोन घ्यायचा विचार असेल तर तो जोडल्यावर टीव्हीचा स्पीकरही चालू राहतो ना, हे आधी तपासा. बऱ्याच टीव्हींत तो मुका होतो. मग आई मालिका ऐकणार आणि बाबा मूकपट बघणार.

प्रश्न : वरच्यासारखीच अडचण. आजोबांसाठी बोलून चालवायचा रिमोट घेतला तर सगळे प्रश्न सुटतील का?

उत्तर : सगळे नाही. अशा बऱ्याच रिमोटांत बोलून होईपर्यंत माइकचं बटण दाबून धरावं लागतं, आणि कापऱ्या हाताला नेमकं तेच जमत नाही. शिवाय पुष्कळजण आधी बोलतात आणि मग बटण दाबतात. सिनेमाचं नाव अक्षर-अक्षर टाइप करण्यापेक्षा बोलणं केव्हाही बरं, तेवढ्यापुरता जरूर वापरा. पण चॅनल आणि आवाज यांची साधी बटणं त्याच रिमोटवर असतील तरच घ्या.