‘नको’ म्हणाले, म्हणून शिष्ट?

(व्यावसायिक रंगभूमीवर 26 वर्षं केशभूषा सांभाळलेल्या ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात पुण्याला जाताना खालापूरच्या फूड मॉलवर थांबलो होतो. शेजारच्याच टेबलावर एक नामवंत नट बायको-मुलीबरोबर मिसळ खात बसलेले. ह्यांनी त्यांचं एकही नाटक सोडलेलं नाही. हे उठले, फोन पुढे धरला आणि म्हणाले, ‘एक सेल्फी घेऊ?’ ते म्हणाले, ‘आत्ता नको, प्लीज.’ झालं! घाट चढून लोणावळा येईपर्यंत ह्यांचं एकच पालुपद : ‘आमच्या तिकिटांवर मोठे झाले आणि आता दोन सेकंद देववत नाहीत.’ तुम्ही या लोकांना जवळून पाहिलंय. चूक कुणाची?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी तुमच्या ह्यांची बाजू घेते. ज्या माणसाला इतकी वर्षं अंधारात बसून पाहिलं, तो अचानक हाताच्या अंतरावर मिसळीत पाव बुडवताना दिसला की पाय आपोआप उठतात. माझेही उठलेत, ते पुढे सांगते. पण तिकिटाचा हिशेब मला पटत नाही. तिकिटाचे पैसे दिले, नाटक पाहिलं, व्यवहार तिथे पुरा झाला. भाजीवाल्याकडून रोज भाजी घेतो म्हणून त्याच्या डब्यातली भाकरी काही आपली होत नाही.

आता विंगेतली एक गोष्ट. दौऱ्यावर होतो, गाव सांगत नाही. नऊवारीचं नाटक, आमच्या नायिकेला गंगावन लावून घट्ट खोपा. मध्यंतरात तिला कपडे बदलायचे असत, त्यातच वेळ जाई. त्या दिवशी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच ती माझ्या कानात म्हणाली, ‘ताई, मला जायचंय गं.’ कुठे, ते कळलं. पण एन्ट्री आलेली. सबंध अंक तिने तसाच काढला, वर हशे घेतले. पडदा पडला आणि आम्ही दोघी मेकअप रूममागच्या बाथरूमकडे धावलो, तर बोळ माणसांनी गच्च! ‘मॅडम, एक फोटो.’ ‘मॅडम, आईबरोबर एक.’ ‘डोळे मिटले, परत एक.’ पंचवीस-तीस जणांबरोबर ती हसत उभी राहिली. मी शेजारी हातात केसांचे आकडे धरून. शेवटी एका बाईंना ‘एक मिनिट हं’ म्हणून ती त्यांना जवळजवळ ढकलूनच आत गेली. मी तिथेच होते, त्यामुळे बाईंचं बोलणं ऐकू आलं : ‘पडद्यावर किती गोड, आणि प्रत्यक्षात केवढी शिष्ट!’

त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. आणि मुद्दा तोच आहे. समोरच्याचं काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. फूड मॉलवर कदाचित त्यांची मुलगी आठवडाभराने बापाबरोबर जेवत असेल. कदाचित गाडीत भांडण झालं असेल. कदाचित नुसतीच भूक असेल. पोट भरून काम करता येत नाही, म्हणून दुपारच्या प्रयोगाला पुष्कळ नट सकाळपासून चहा-बिस्किटांवर असतात. रात्रीचा प्रयोग संपवून नाटकाची बस धाब्यावर थांबते तेव्हा दीड वाजलेला असतो. माणसासारखं गरम जेवण हा त्या लोकांचा सण असतो, सांगते.

पूर्वी स्वाक्षरीच्या वह्या असत. सही हाताने होते, तोंडात घास असला तरी. फोटोला मात्र चेहरा द्यावा लागतो, तोही हसरा. हा फरक आपण लक्षात घेत नाही. बरं, फोन तर आता प्रयोगातही सुटत नाही. 2019 साली सुबोध भावे यांनी प्रेक्षागृहातल्या मोबाइलना वैतागून, यापुढे नाटकात कामच करायला नको, असं जाहीरपणे लिहिलं होतं. आम्ही पडद्यामागची माणसं तेव्हा एकमेकांकडे बघून माना डोलवत होतो.

मग भेटायचंच नाही का? भेटा की! प्रयोगानंतर आत जाऊन कलाकाराला भेटायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि नटांना ती मनापासून आवडते. कुणी आलं नाही तर उलट चेहरे पडतात. फक्त मध्यंतरात जाऊ नका. बाहेर भेटले तर जेवताना नको, मुलं बरोबर असताना नको. नजरानजर झाली तर फोन खिशात ठेवून एकच वाक्य बोला, पण नेमकं. ‘तुम्ही फार छान काम करता’ हे ते दिवसातून वीसदा ऐकतात. ‘दुसऱ्या अंकात तुम्ही चष्मा पुसत गप्प बसता ना, तिथे मला वडील आठवले,’ हे क्वचित. आणि बोलून झालं की आपण आधी निघायचं. त्यांना निघायला लावायचं नाही. खांद्यावर हात टाकणं, ‘ओळखलंत का मला?’ विचारणं, किंवा ‘तुमचं नाव अगदी ओठांवर आहे...’ म्हणत ताटकळवणं, हे तर विसराच.

आता माझी फजिती. दाताच्या डॉक्टरांकडे एक नावाजलेले क्रिकेटपटू दिसले. इतरांना शहाणपण शिकवणारी मी, सरळ शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या एका खेळीचं वर्णन सुरू केलं. ते नुसते मान हलवत राहिले. मला वाटलं, किती नम्र! मग नर्स म्हणाली, ‘आजी, त्यांची जीभ बधिर केलीय.’

तुमच्या ह्यांना सांगा, त्या नटाने ‘नको’ साधं आणि नीट म्हटलंय. त्याला ‘बरं, तुमचं काम आवडतं’ एवढं उत्तर पुरलं असतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत मालिकेतली एक खलनायिका राहायला आली आहे. कुणीतरी लिफ्टमधला तिचा गाउनवरचा फोटो ग्रुपवर टाकला. वर माझ्या सासूबाईंनी तिला जिन्यात गाठून ‘सुनेला एवढं छळू नये’ असं सुनावलं. काय करू?
— नाशिक

उत्तर : फोटो आजच्या आज काढायला लावा, त्यावर चर्चा नको. गाउनवर लिफ्टमध्ये तुम्हीही जाता. सासूबाईंची मात्र काळजी करू नका. निळू फुले यांना पडद्यावर बघून बायका खरोखर शिव्याशाप द्यायच्या आणि ते ती कामाची पावती मानायचे. त्या मुलीलाही आतून गुदगुल्याच झाल्या असतील. तुम्ही तिला पाणी किती वाजता येतं आणि कचरेवाला कधी येतो ते सांगा. नव्या भाडेकरणीला दुसरं काय हवं असतं?

प्रश्न : मी अकरावीत आहे. आवडत्या नटाला इन्स्टावर चौदा मेसेज पाठवले. एकही उत्तर नाही.
— सातारा

उत्तर : बाळा, पंधरावा पाठवू नकोस. त्याचं नाटक गावात लागेल तेव्हा कागदावर पत्र लिहून ने आणि मेकअप रूमच्या दाराशी जो कुणी असेल त्याच्या हातात दे. नट मंडळी अशी पत्रं आरशाच्या कडेला खोचतात. एकाचं पत्र दौऱ्यातून दौऱ्यात फिरताना मी पाहिलंय, घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. फक्त खाली मोबाइल नंबर लिहू नकोस, उगाच वाट बघत बसशील.