पोटाचं ऑपरेशन, मग तोंड का तपासतात?

प्रश्न : डॉक्टर, पुढच्या आठवड्यात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीतून. भूलतज्ज्ञांनी त्यांना आ करायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे टाकायला लावली, घोरता का, गुटखा खाता का हेही विचारलं. बाबा सरळ नाही म्हणाले, पण ते बरीच वर्षं खातात आणि हल्ली पाणीपुरीसुद्धा तोंडात जात नाही. पोटाच्या ऑपरेशनला हे सगळं कशाला?

उत्तर : ताई, आधी आजच त्या भूलतज्ज्ञांना फोन करून गुटख्याचं सांगून टाका, बाबा रागावले तरी चालेल.

पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात, पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो आणि मग तोंडातून श्वासनळीत नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो. त्याआधी तीनेक मिनिटं मास्कने ऑक्सिजन देतो, पण तो साठा मिनिटांचाच, त्यामुळे नळी जायला अवघड आहे का हे आम्हाला आधीच कळायला हवं. जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ किती दिसते यावरून अंदाज घ्यायची पद्धत डॉ. मल्लंपाटींनी 1985 साली मांडली, ते भारतीय वंशाचे, बॉस्टनला काम करायचे. तेवढ्यावर विसंबून चालत नाही, ती चाचणी चुकतेही, म्हणून मान, हनुवटी, हलणारे दात, कवळी, घोरणं सगळंच बघतो. दाढी दाट असेल तर मास्क नीट बसत नाही, काढायला सांगितली तर काढाच.

आता बाबांचं. साधारण स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. दाढ दुखत असल्यामुळे तोंड उघडत नसेल तर भूल दिल्यावर बरेचदा उघडतं, पण सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी कडक झाली असेल तर कितीही औषध द्या, ते उघडत नाही. आपल्याकडे असे पेशंट खूप येतात, 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी असूनही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पण लपवू नका, कारण आधी कळलं तर घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच नाकातून बारीक दुर्बिणीने नळी घालता येते, त्याची तयारी मात्र आधी करावी लागते.

नळी घालायला त्रास झाला असं नंतर सांगितलं तर ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तो कागद पहिल्यांदा दाखवायचा.